लेस्टरचे भारतीय आणि ब्रॅडफर्डचे पाकिस्तानी: तुलना करायची तर पूर्ण करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधल्या भारतीयांच्या प्रगतीबद्दल आपल्याकडे काहीही छापून आलं की त्याच्या शेपटाला एक वाक्य ठरलेलं असतं, की बघा, पाकिस्तानी पण त्याच सुमारास तिथे गेले, ते कुठे राहिले आणि आपले लोक कुठे पोचले. आणि मग कारण म्हणून संस्कार, मेहनत, धर्म यातलं जे ज्याला आवडेल ते लावून विषय संपवला जातो. मी बरीच वर्षं लेस्टरमधे काढली आहेत आणि कामामुळे ब्रॅडफर्डला सतत जाणंयेणं असायचं, दोन्हीकडे ओळखीची घरं आहेत, त्यामुळे हे वाक्य वाचलं की मला खरंच त्रास होतो. फरक खोटा आहे असं माझं म्हणणं नाहीये. तो का पडला हे सांगताना जे सोडून दिलं जातं त्याबद्दल हे पत्र आहे. जरा लांबलंय, पण दोन ओळीत मावणारा विषय नाही हा.

आधी आकडे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणारे साधारण १८ लाख ६० हजार आणि पाकिस्तानी वंशाचे साधारण १५ लाख ९० हजार लोक होते, म्हणजे संख्येत फार मोठी तफावत नाही. पण २०१८ चे तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याचे पगाराचे आकडे बघितले तर भारतीय वंशाच्या नोकरदाराचा तासाचा मध्यम पगार १३ पौंड ४७ पेन्स, गोऱ्या ब्रिटिशाचा १२ पौंड ३ पेन्स आणि पाकिस्तानी वंशाच्या माणसाचा १० पौंडांच्या आसपास. स्वतःच्या मालकीचं घर असलेली कुटुंबं त्याच सुमारास भारतीयांमधे ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांमधे ६८ आणि पाकिस्तान्यांमधे ५८. मुलांच्या गरिबीत तर फरक आणखीनच मोठा, घरभाडं वगैरे वजा करून बघितलं तर पाकिस्तानी घरातली जवळजवळ निम्मी मुलं गरिबीच्या रेषेखाली येतात.

यातला घरांचा आकडा मात्र जरा थांबून बघा. इतक्या कमी कमाईत ५८ टक्के लोकांचं स्वतःचं घर, हा आकडा कमी नाहीये, उलट चकित करणारा आहे. ब्रॅडफर्ड, ओल्डम, बर्न्ली असल्या गिरणगावांमधे एकमेकांना चिकटून बांधलेली जुनी टेरेस हाउसेस होती, दगडी किंवा विटांची, ओलीनं पोखरलेली, ती मातीमोल भावात मिळायची आणि लोकांनी नातेवाइकांकडून उसने पैसे गोळा करून ती घेतली. बँकेचं कर्ज नाही, व्याज नाही, आपसात भिशी लावून. आळशी आणि उधळ्या लोकांना हे जमत नाही. पण त्या घरांच्या किमती पुढे तितक्या वाढल्या नाहीत, लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यात किंवा लेस्टरला ज्यांनी घरं घेतली त्यांच्या वाढल्या, आणि पुढच्या पिढीकडे आलेल्या संपत्तीत नुसत्या या एका गोष्टीनं केवढा तरी फरक पडला.

आता ‘भारतीय’ हे जे सरासरीचं गाठोडं आहे ना, त्यात कोण कोण आहे? साठच्या दशकापासून नॅशनल हेल्थ सर्व्हिसनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, बोलावून घेतलेले डॉक्टर आहेत, २००० नंतर व्हिसाच्या चाळणीतून गेलेले आयटीवाले आणि बँकांमधे काम करणारे आहेत, जालंधर होशियारपूरकडचे शीख आहेत आणि पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती पंजाबी आहेत. पाकिस्तानी गाठोड्यात पण डॉक्टर वकील आहेत, पण निम्म्याहून जास्त लोकांचं मूळ एकाच डोंगराळ भागात सापडतं, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधलं मिरपूर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग. म्हणजे आपण सरासरीची सरासरीशी तुलना करतो तेव्हा बऱ्याच अंशी पदवीधराची तुलना डोंगरातल्या शेतकऱ्याशी करत असतो. ही तुलनाच नाही. त्यापेक्षा दोन नेमके गट घ्यावेत, दोघेही आपलं घर सोडायला लागलेले, दोघेही रिकाम्या हातानं उतरलेले. १९७२ मधे युगांडातून हाकललेले भारतीय जे मोठ्या संख्येनं लेस्टरला आले ते, आणि साठच्या दशकात मिरपूरमधून ब्रॅडफर्डला आलेले.

मिरपूरची गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती असते. १९६० मधे सिंधू पाणीवाटप करार झाला, त्यानंतर झेलम नदीवर मंगला धरण बांधायला घेतलं, ते १९६७ मधे पूर्ण झालं. जुनं मिरपूर शहर आणि आजूबाजूची शेकडो गावं पाण्याखाली गेली, एक लाखाहून जास्त लोक उठले. धरणग्रस्त म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पाणी उतरलं की आजही तिथे जुन्या शहरातली देवळं, दर्गे वर दिसायला लागतात. या लोकांचा ब्रिटनशी संबंध जुना होता, ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या बॉयलरमधे कोळसा टाकायचं काम मिरपुरी करायचे, त्यातले काही तिकडे बंदरांमधे उतरून राहिलेले. धरणात जमिनी गेल्यावर काहींना पाकिस्तानी पंजाबात जमीन मिळाली, आणि कित्येकांनी भरपाईच्या पैशातून आपला एक भाऊ, एक मुलगा इंग्लंडला पाठवला. त्यात १९६२ चा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायदा येणार, दार बंद होणार अशी बातमी पसरली तशी दार बंद व्हायच्या आत पोचायची एकच घाई झाली, जे लोक कदाचित दोनचार वर्षं राहून परत गेले असते ते पण अडकून बसले कारण एकदा परत गेलं तर पुन्हा येता येईल याची खात्री नव्हती.

आणि ते कुठे पोचले तर लोकरीच्या गिरण्यांमधल्या रात्रपाळीत. हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. युद्धानंतर यॉर्कशरच्या गिरण्यांनी नवीन महागड्या मशिनरी घेतल्या, त्यांचा पैसा वसूल व्हायचा तर त्या चोवीस तास चालल्या पाहिजेत. दिवसपाळीला गोऱ्या बायका असायच्या पण त्या वेळच्या कायद्यानं बायकांना रात्री कारखान्यात ठेवता यायचं नाही, आणि गोऱ्या पुरुषांना रात्रपाळी नको होती कारण त्यांना दुसरीकडे बरं काम मिळत होतं. म्हणून एशियन, म्हणजे तिथल्या भाषेत भारत पाकिस्तानकडचे, पुरुष. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील लोकर विंचरायच्या खात्यात होते, बारा बारा तास, कोंदट गरमी, लोकरीच्या तेलाचा वास अंगाला, आणि मशीनचा आवाज इतका की बाजूच्याशी पण हातवारे करून बोलायचं. सगळी पाळीच्या पाळी मिरपुरी, मुकादमाशी इंग्लिश बोलणारा त्यांच्यातलाच एक जण, बाकीच्यांना इंग्लिशची गरजच पडायची नाही. राहायचं ते एका घरात दहाबारा पुरुष, दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच गादीवर रात्रपाळीवाला झोपणार. इतकी वर्षं इंग्लंडात राहून या लोकांना इंग्लिश कसं येत नाही असं विचारणाऱ्यांनी सांगावं की ते शिकायचं कधी आणि कुणाशी बोलून.

आता युगांडाकडे या. ४ ऑगस्ट १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीननं जाहीर केलं की एशियन लोकांनी ९० दिवसांत देश सोडायचा. साधारण २८ हजार लोक ब्रिटनमधे आले. दुकानं, जिनिंगच्या फॅक्टऱ्या, घरं, बँकेतले पैसे सगळं तिथेच राहिलं, एका कुटुंबाला पन्नासएक पौंड बरोबर न्यायची परवानगी, आणि विमानतळाच्या वाटेवर सैनिकांच्या चौक्यांवर अंगावरचं सोनं पण काढून घेतलं जायचं. हे भयंकरच होतं आणि त्यातून त्यांनी जे उभं केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लेस्टरच्या महापालिकेनं तर सप्टेंबरमधे युगांडा आर्गस या तिथल्या पेपरात जाहिरात दिली की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका, इथे घरं, शाळा, दवाखाने सगळं भरलंय. तरी लोक आले, कारण आधी आलेले केनियातले नातेवाईक तिथे होते, काहींना तर त्या जाहिरातीमुळेच लेस्टर नावाचं गाव आहे हे कळलं असं सांगतात.

पण पैसा गेला तरी काय राहिलं ते बघा. ही माणसं दोनतीन पिढ्या शहरात राहिलेली. युगांडातले भारतीय म्हणजे रेल्वे बांधायला नेलेल्या मजुरांची मुलं असा आपल्याकडे समज आहे, पण त्या मजुरांपैकी बहुतेक काम संपल्यावर परत गेले होते, नंतर आपणहून गेलेले व्यापारी, कारकून, शिक्षक हे या समाजाचा कणा होते. मुलं इंग्लिश शाळेत शिकलेली, वह्या लिहिता येतात, लायसन्स, टॅक्स, बँक, वकील या सगळ्या ब्रिटिश कारभाराची सवय तिथूनच झालेली. पासपोर्ट ब्रिटिश. आणि आले ते आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं कुटुंब एकत्र. सरकारनं त्यांच्यासाठी युगांडा रिसेटलमेंट बोर्ड नावाचं वेगळं मंडळ काढलं, जुन्या लष्करी तळांवर कॅम्प काढले, स्वयंसेवकांनी कोट आणि ब्लँकेटं दिली, नोकऱ्यांची माहिती दिली. अपुरं होतं, कॅम्पमधे थंडीनं हाल झाले, विरोधात मोर्चे निघाले, हे सगळं खरं, पण मिरपूरहून आलेल्याला तर स्टेशनवर घ्यायला गावचा कुणी आला तर आला एवढंच होतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक बायकांच्या कामानं पडला. लेस्टर हे होजियरीचं गाव, मोजे, स्वेटर, अंतर्वस्त्रं, आणि या कारखान्यांत बायका कामाला असायची तिथे जुनी पद्धत होती. आमच्या शेजारच्या गुजराती आजी कंपालात घरी नोकरचाकर असलेल्या, आयुष्यात नोकरी केलेली नाही, त्या लेस्टरला आल्यावर काही महिन्यांतच ओव्हरलॉक मशीनवर बसायला लागल्या. नगावर पैसे. स्वेटरच्या बाह्यांचे गठ्ठे डाव्या हाताला आणि झालेले उजव्या हाताला, आणि सुटीच्या आधी किती डझन झाले ते पेन्सिलीनं लिहून ठेवायचं कारण सुपरवायझर कमी मोजायचा. नवरा, जो तिकडे दुकानाचा मालक होता, तो गोदामात खोकी उचलायचा. दोघांचे पगार, सासूबाई मुलांना बघणार, आणि काही वर्षांत लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागात घर. ब्रॅडफर्डच्या मिरपुरी घरात बायको आली तीच मुळात दहा पंधरा वर्षांनी, आणि आली तेव्हा लोकरीच्या गिरण्यांना उतरती कळा लागलेली. एक पगार आणि दोन पगार, वर्षानुवर्षं, मग घर, शिकवणी, मुलाचं कॉलेज, कशातही बघा, हिशोब सरळ आहे.

आणि हे पण सांगायला पाहिजे की लेस्टरच्या लोकांना कुणी ताटात वाढून दिलं नाही. मे १९७४ मधे इम्पीरियल टाइपरायटर्सच्या लेस्टरच्या कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कामगारांनी संप केला, बोनस १६८ नगांवर मिळायला हवा होता तो २०० वर दिला जातोय हे लक्षात आल्यावर. त्यांच्या स्वतःच्या युनियननं त्यांना साथ दिली नाही. लंडनमधे १९७६ ते १९७८ ग्रनविक फोटो लॅबचा संप जयाबेन देसाईंनी चालवला, त्या टांझानियातून आलेल्या, साडी नेसून थंडीत गेटसमोर उभ्या राहणाऱ्या. म्हणजे आपले लोक मान खाली घालून गुपचूप काम करत राहिले म्हणून पुढे गेले हे जे सांगतात ते पण खोटं आहे, ते भांडले. त्याच १९७६ साली नॅशनल फ्रंट या बाहेरून आलेल्यांच्या विरोधातल्या पक्षाला लेस्टरच्या पालिका निवडणुकीत १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती, असल्या गावात राहून भांडले.

मग पैसा कुठे गेला हा प्रश्न. मिरपुरी माणूस परत जाणार होता. निदान त्याची तशी पक्की समजूत होती. चार पैसे गाठीला बांधायचे, गावी पक्कं घर बांधायचं, भावाचं कर्ज फेडायचं, बहिणीचं लग्न. आज नव्या मिरपूरमधे ब्रिटनच्या पैशावर बांधलेल्या तीन तीन मजली कोठ्या उभ्या आहेत, वर्षातले अकरा महिने कुलूप. ब्रॅडफर्डच्या रात्रपाळीची कमाई तिथे सिमेंटमधे आहे. युगांडावाल्याला परत जायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक पौंड इथल्या दुकानात, इथल्या घरात, इथल्या मुलाच्या शिक्षणात गेला. याला कुणी एकाची दूरदृष्टी आणि दुसऱ्याचा वेडेपणा म्हणत असेल तर मला ते पटत नाही, परत जायचं घर असलेला कुठलाही माणूस घरी पैसे पाठवणारच.

गिरण्या गेल्या त्याची वेळ पण बघा. ब्रॅडफर्डची लोकर सत्तरच्या दशकातच ढासळायला लागली, ऐंशीमधे तर एकामागून एक गिरण्यांना टाळी, मॅनिंगहॅमची लिस्टर्स मिल, एकेकाळी जगातल्या मोठ्या रेशीम गिरण्यांपैकी एक, १९९२ मधे बंद झाली. चाळिशी पन्नाशीतला, इंग्लिश न येणारा, एकच काम येणारा माणूस घरी बसला आणि नेमकी त्याच वेळेला त्याची मुलं शाळेत होती. पुढे टॅक्सी नाहीतर टेकअवे. गिरणगाव बंद पडलं की काय होतं, पोरांचं काय होतं, हे समजायला मराठी वाचकाला आकडेवारी लागू नये. लेस्टरमधे होजियरी, बूट, इंजिनियरिंग असे बरेच धंदे होते, एक बसला तर दुसरा, आणि होजियरी खरी बसली तोपर्यंत पुष्कळांची मुलं फार्मसी नाहीतर अकाउंट्स शिकून बाहेर पडली होती.

आता धर्माचं. लोक सरळ म्हणत नाहीत पण मनात तेच असतं. मग युगांडातून हाकललेल्या लोकांत मोठ्या संख्येनं इस्माइली खोजा होते त्यांचं काय करणार? ते मुसलमानच ना. त्यातले बरेच कॅनडाला गेले, काही ब्रिटनला, आणि दोन्हीकडे ते उत्तम स्थिरावले, कारण त्यांच्याकडे पण तेच शहरी शिक्षण, तीच व्यापाराची सवय आणि वर त्यांचे धर्मगुरू आगाखान यांची संस्थात्मक मदत होती. ब्रिटिश पाकिस्तान्यांमधे सुद्धा जे लाहोर कराचीहून शिकून आले त्यांची मुलं कुठे आहेत बघा. एकाच पासपोर्टच्या आणि एकाच धर्माच्या लोकांत इतका फरक पडत असेल तर कारण दुसरीकडे शोधलं पाहिजे.

याचा अर्थ समाजाच्या आतल्या गोष्टींना काहीच किंमत नाही असा नाही, आणि ब्रॅडफर्डमधले माझे मित्रच हे जास्त कडक शब्दांत सांगतात. पिढ्यानपिढ्या लग्नाचा जोडीदार मिरपूरहूनच, बहुतेक वेळा नात्यातलाच, आणायचा ही पद्धत राहिली त्यामुळे प्रत्येक पिढीत आई किंवा बाप नव्यानं आलेला, घरात पुन्हा पहाडी भाषा, मूल शाळेत जाताना पुन्हा शून्यापासून. मुलींना पुढे शिकू न देणं, शिकलेल्या सुनेला नोकरी करू न देणं, हे झालंच आणि त्याची किंमत त्या घरांनी मोजली. बिरादरीच्या मतांवर निवडणुका लढवून कौन्सिलर झालेल्यांनी शाळांकडे लक्ष दिलं नाही हे पण खरं. पण हे पण बदलतंय. ब्रॅडफर्डमधे हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा आरोग्य अभ्यास २००७ पासून चालू आहे, त्यात पाकिस्तानी वंशाच्या आयांमधे नात्यातल्या लग्नांचं प्रमाण पहिल्या वेळी साधारण ६० टक्के होतं, दहाएक वर्षांनी शहराच्या आतल्या वॉर्डांमधे पुन्हा मोजलं तेव्हा ४६ टक्के. कुणी बाहेरून व्याख्यानं देऊन हे झालं नाही, मुली शिकल्या म्हणून झालं.

आणि शाळेनं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पूर्व लंडनमधलं टॉवर हॅम्लेट्स. इथे बांगलादेशी, बहुतेक सगळे सिल्हेटच्या खेड्यांतले, म्हणजे मिरपुरी लोकांसारखीच परिस्थिती, उलट आणखी उशिरा आलेले, आणखी गरीब. १९९७ मधे शाळांच्या निकालात टॉवर हॅम्लेट्स अख्ख्या इंग्लंडात शेवटच्या नंबरावर होतं. त्या वेळी पण लोक हेच म्हणायचे की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. मग तिथे चांगले मुख्याध्यापक आणले, शिक्षक टिकावेत म्हणून प्रयत्न केले, इंग्लिशची वेगळी मदत, मुलं शाळा बुडवून लांब सुटीवर गावी जाऊ नयेत म्हणून मशिदींमधून आईवडलांना सांगणं, २००३ पासून लंडन चॅलेंज नावाचा कार्यक्रम, आणि भरपूर पैसा. पंधराएक वर्षांत त्या शाळांचे निकाल देशाच्या सरासरीच्या वर गेले. आज बांगलादेशी मुलं सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत, आणि विद्यापीठात जाण्याचं प्रमाण तर बांगलादेशी आणि पाकिस्तानी दोघांचंही गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा जास्त आहे. संस्कार तेच, धर्म तोच, मुलं त्याच गल्लीतली. बदलली ती शाळा. ब्रॅडफर्डच्या वाट्याला लंडनसारखा पैसा आणि लंडनसारखे शिक्षक आले नाहीत, आणि डिग्री घेतल्यावर नोकरी द्यायला शेजारी लंडन पण नाही.

नोकरीचं म्हणाल तर २००९ मधे ब्रिटिश सरकारनंच एक चाचणी करवून घेतली, सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे खोटे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला एक होकारार्थी उत्तर यायला ९ अर्ज पुरले, आफ्रिकन आणि एशियन नावांना १६ लागले. हे भारतीय नावांना पण लागू आहे. म्हणजे तिथल्या एचआरला भारतीय आणि पाकिस्तानी यांच्यातला जो फरक आपल्याला इतका महत्त्वाचा वाटतो तो अर्ज बाजूला टाकताना दिसत नाही.

लेस्टरला पण सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. २०२० च्या लॉकडाउनमधे तिथल्या कपड्यांच्या छोट्या छोट्या वर्कशॉपमधली परिस्थिती बाहेर आली, कायद्यानं किमान वेतन तासाला ८ पौंड ७२ पेन्स असताना लोकांना साडेतीन चार पौंडांवर राबवलं जात होतं. राबणाऱ्यांत भारतातून नव्यानं आलेले कितीतरी जण होते आणि राबवणाऱ्यांत पण आपलेच. बेलग्रेव्ह रोडवरच्या सोन्याच्या दुकानांचे फोटो छापले जातात, त्याच्या मागच्या गल्लीतले हे लोक ‘यशस्वी भारतीय’ या बातमीत कधी येत नाहीत. आणि २०२२ मधे त्याच लेस्टरमधे हिंदू मुसलमान तरुण एकमेकांवर धावून गेले, जे गाव पन्नास वर्षं एकत्र राहण्याचं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं. ब्रॅडफर्डला २००१ मधे दंगल झाली तेव्हा दोन समाज शेजारी राहून समांतर आयुष्य जगतात असं सरकारी अहवालात आलं होतं, आणि इकडे ते वाक्य फक्त पाकिस्तान्यांबद्दल वापरलं गेलं.

सार्वजनिक आयुष्यात बघाल तर दोन्ही गटांनी मजल मारली आहे, रस्ते वेगळे आहेत इतकंच. पंतप्रधान झालेले ऋषी सुनक यांचे वडील केनियात आणि आई टांगानिकात (आताचा टांझानिया) जन्मलेली, गृहमंत्री झालेल्या प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातले. साजिद जाविद आणि सादिक खान दोघांचेही वडील पाकिस्तानातून आलेले आणि दोघेही बस ड्रायव्हर, एक मुलगा अर्थमंत्री झाला आणि दुसरा लंडनचा महापौर. आणि मिरपूरला जन्मलेले, साध्या नोकऱ्या करत वर आलेले मोहम्मद अजीब १९८५ मधे ब्रॅडफर्डचे लॉर्ड मेयर झाले, ब्रिटनमधले पहिले एशियन लॉर्ड मेयर ते. त्या वर्षी सुनक पाच वर्षांचे होते.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी असा लेख आला तर लेखकाला दोन गोष्टी विचारा. कुठल्या भारतीयांची कुठल्या पाकिस्तान्यांशी तुलना करताय, आणि ते कुठल्या साली कुठल्या गावात उतरले. आणि जमलं तर टॉवर हॅम्लेट्सच्या शाळांवर एखादा सविस्तर लेख छापा, तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलून, कारण तळाच्या शाळा वर कशा आणायच्या याची माहिती आपल्याकडच्या शिक्षकांना खरोखर उपयोगी पडेल. कुणाला लिहायचं असेल तर मला आहे ती माहिती द्यायला आनंदच वाटेल.

आपला,
एक नियमित वाचक, लेस्टर